आमचं कर्ज फिटलं, आता गावातल्या लेकरांचं माफ करा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सध्या आमच्याकडं चार माणसं जिथं बसतील तिथं एकच विषय निघतो, कर्जमाफी होणार का अन् कधी होणार. ऑक्टोबर २०२५ ला नागपुरात बच्चू कडूंचं आंदोलन झालं, त्यानंतर सरकारनं ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ म्हणून सांगितलं, तेव्हापासून पीककर्जाचं नवं-जुनं करायला कुणी तयार नाही, सगळे वाट बघायलेत. मी पण शेतकरीच आहे, सेलू तालुक्यात पाच एकर होती, आता चार आहे, त्यामुळं माफी झाली पाहिजे ह्यात माझं दुमत नाही. पण परवा मोंढ्यात आडतीवर बसलो होतो तिथं एका म्हाताऱ्या माणसानं विचारलं, पिकाचं होईल हो माफ, पण लेकराच्या शिक्षणाला जे काढलंय ते धरतील का ह्याच्यात? सगळे गप्प बसले. मला उत्तर माहीत होतं. नाही धरत. २०१७ ला दीड लाखापर्यंत माफी झाली, २०१९ च्या डिसेंबरात दोन लाखापर्यंतची जाहीर झाली, दोन्ही वेळा कर्ज शेतीचं पाहिजे होतं, शिक्षणाचा त्यात कुठंच संबंध नव्हता.

अन् घर तर एकच असतं ना साहेब. सातबारा त्याच माणसाच्या नावावर, सही त्याचीच, बऱ्याच वेळा बँकसुद्धा तीच. एक कर्ज बियाण्या-खताला काढलं अन् एक लेकराला काढलं, पाऊस पडला नाही किंवा जास्त पडला की दोन्ही एकदमच थकतात. मग एकाला माफी अन् दुसऱ्याला नोटीस हे असं का, एवढंच मला विचारायचंय अन् त्यासाठी हे पत्र लिहितोय.

माझं स्वतःचं सांगतो. मोठा पोरगा २०१८ ला बारावी झाला, कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या प्रवेश फेरीतून, पुण्याच्या एका खासगी कॉलेजात मेकॅनिकलला नंबर लागला, मॅनेजमेंट कोटा वगैरे काही नाही, मार्कांवर लागला. फी वर्षाची १ लाख २४ हजार. सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे त्यात निम्मी ट्यूशन फी सरकार भरतं, आमच्याकडं अजून लोक तिला ईबीसीच म्हणतात, तर आम्ही म्हणलं निम्मी आपण भरू, निघेल कसंबसं. पण कॉलेजनं पहिल्याच दिवशी सांगितलं की आधी पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की वळती करू. ती महाडीबीटीवरून, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून, दुसऱ्या वर्षाची आली तेव्हा पोरगा चौथ्या वर्षाला होता. म्हणजे योजना कागदावर होती अन् पैसे आम्ही बँकेतून उचलले. ४ लाखापर्यंत तारण लागत नाही, जामीनदार लागत नाही हा नियम आहे म्हणून तेवढेच काढले, दर वर्षाला एक लाख, वरचे पाहुण्यारावळ्यांकडून हातउसने घेतले. नियम असा असला तरी मॅनेजर साहेबांनी सातबारा अन् सर्च रिपोर्ट मागितलाच होता, मी तीन चकरा मारल्या, चौथ्या वेळेला एका ओळखीच्या माणसाला सोबत नेलं तेव्हा फाईल हलली.

ह्यात मधे कोरोना आला. पोरगा गावाकडं आला, आखाड्यावर लिंबाच्या झाडाखाली रेंज यायची तिथं बसून त्यानं इंजिनिअरिंगचं एक वर्ष केलं, वर्कशॉप नाही लॅब नाही काही नाही, फी मात्र तेवढीच.

२०२२ ला पास झाला, कोर्स संपल्यावर एक वर्ष सूट असते, २०२३ ला हप्ता सुरू झाला तेव्हा ४ लाखाचे ५ लाख ४७ हजार झालेले होते. मी म्हणलं एक रुपया खर्च केला नाही वरचा, हे दीड लाख कुठून आले? तर अभ्यासाच्या काळातलं अन् सूट काळातलं व्याज. आता ह्यातली खरी दुखणारी गोष्ट सांगतो. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न साडेचार लाखाच्या आत आहे त्यांचं हे मधल्या काळातलं पूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं, २००९ पासूनची योजना आहे ती, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला वेळेवर बँकेत द्यावा लागतो. माझं उत्पन्न साडेचार लाख? अहो त्याच्या अर्ध्यात पण नाही. पण कर्ज देताना हे कुणी सांगितलं नाही, मला कळलं तेव्हा पोरगा पास होऊन नोकरीला लागला होता अन् मुदत निघून गेली होती. दीड लाख रुपये एका दाखल्यापायी गेले. वीस-तीस रुपयाचा कागद असतो तो.

पोराला चाकणला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर काम लागलं, हातात १६ हजार. हप्ता ७ हजार ३८०. कॉट बेसिसवर राहायचं, मेस, येणं-जाणं, ह्यात ८ हजार तर साध्या पद्धतीनं जातात, पोरानं वर्षभर घरी एक रुपया मागितला नाही अन् दिवाळीला आला तेव्हा त्याचं वजन किती कमी झालेलं होतं ते त्याच्या आईनं दारातच पाहिलं. मग मी सांगितलं की हप्त्याचं मी बघतो. बघत होतो बी, कापूस विकला की दोन-तीन हप्ते एकदम भरायचो, पण बँकेला तसं चालत नाही, ९० दिवस झाले की खातं एनपीए, म्हणजे थकीत. तसं ते झालं. अन् माझ्या बचत खात्याला होल्ड लावला. त्याच खात्यात पीएम किसानचे येतात, त्याच्यातच पीक विमा येतो, त्याच्यातच अतिवृष्टीचं अनुदान येतं. अनुदान कर्जात वळतं करू नका असे आदेश दर वर्षी निघतात, पेपरला पण येतात, पण शाखेत गेल्यावर सांगतात सिस्टीमनं लावलाय. पेरणीच्या तोंडावर स्वतःचे पैसे स्वतःला काढता येत नाहीत हे ज्याच्यावर आलंय त्यालाच कळतं.

शेवटी २०२५ च्या उन्हाळ्यात विहिरीकडची एक एकर विकली अन् ४ लाख ८६ हजार भरून खातं नील केलं. बँकेनं ओटीएसचं पण विचारलं होतं, थोडं कमी भरा मिटवून टाकू म्हणून, पण तसं केलं की सिबिलला, म्हणजे कर्जफेडीची नोंद राहते तिथं, सेटल्ड म्हणून पडतं अन् माझी धाकटी आता अकरावीला आहे, तिला उद्या कर्ज लागलं तर तिच्या आड माझंच नाव येईल. म्हणून पूर्ण भरलं. नंतर सप्टेंबरात जो पाऊस झाला त्यात राहिलेल्या चार एकरातलं सोयाबीन पण गेलं, तो विषय वेगळा आहे.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की कुणी म्हणू नये हा स्वतःचं बुडवायला बघतोय. माझं भरून झालंय. आता माफी झाली तर मला एक पैसा मिळणार नाही. तरी मी मागतोय.

अमेरिकेत हाच वाद झाला होता, तेव्हा बातम्यात मी बारकाईनं वाचायचो कारण घरात तोच विषय होता. तिकडं चार कोटीच्या वर लोकांवर शिक्षणाचं कर्ज आहे, एकूण १ लाख ६० हजार कोटी डॉलरच्या पुढं. बायडेन साहेबांनी ऑगस्ट २०२२ ला १० हजार डॉलरपर्यंत माफ करतो म्हणून जाहीर केलं, गरीब घरातून आलेल्या ज्यांना सरकारी अनुदान मिळालं होतं त्यांना २० हजार, अन् ३० जून २०२३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध तीननं ते रद्द केलं, म्हणलं एवढा अधिकार तुम्हाला संसदेनं दिलेला नाही. त्या वादात सगळ्यात जास्त एकच प्रश्न यायचा, ज्यांनी इमानदारीनं भरलं त्यांचं काय? हा प्रश्न मला कुणी विचारला तर मी काय सांगेन ह्याचा मी खूप विचार केला. मी एक एकर विकली म्हणून शेजाऱ्यानं पण विकावी असं मला वाटत नाही. आमच्या गावात नळ आला त्याच्या आधी चाळीस वर्षं आमच्या आईनं डोक्यावर पाणी आणलं, नळ आल्यावर ती म्हणली का की सुनांनी पण आणावं? उलट तिनंच पहिला नारळ फोडला.

पण त्यांच्याकडची एक गोष्ट मला फार पटली, ती माफीची नाही. तिकडं सरकारी कर्जाचा हप्ता पगाराच्या हिशोबानं बसवून घेता येतो, पगार अगदीच कमी असला तर हप्ता शून्यसुद्धा होऊ शकतो. अन् सरकारी नोकरीत किंवा सेवाभावी संस्थेत काम केलं अन् १२० हप्ते भरले, म्हणजे दहा वर्षं, तर राहिलेलं माफ, ही २००७ पासूनची योजना आहे. माझ्या पोराला १६ हजारावर दोन हजार हप्ता असता तर त्यानं एकही चुकवला नसता, खात्री देतो.

शिकवायला पैसा द्यायचा अन् सेवेनं फेडून घ्यायचा ही पद्धत काही आपल्याला नवीन नाही. बाबासाहेबांना १९१३ ला सयाजीराव महाराजांनी अमेरिकेला पाठवलं, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, अन् करार होता की परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. ती नोकरी लोकांनी त्यांना करू दिली नाही, शहरात राहायला खोली मिळू दिली नाही, ही लाजेची गोष्ट आहे. पण त्या शिष्यवृत्तीतून जो माणूस उभा राहिला त्यानं १९५० ला औरंगाबादला मिलिंद कॉलेज काढलं अन् मराठवाड्यातल्या किती घरात पहिला पदवीधर तिथून आला. आज आमच्याकडं प्राथमिक आरोग्य केंद्रात माणसं कमी आहेत, शाळेत मास्तर कमी आहेत, कॉलेजात तर निम्मे प्राध्यापक तासिका तत्त्वावर, मग पाच वर्षं मराठवाड्यात काम कर अन् कर्ज सोड असं एखाद्या लेकराला सांगायला काय हरकत आहे? कितीतरी परत येतील. माझाच येईल.

आता फीचं. माफी मागताना फीचं बोललं नाही तर ते अर्धवट होईल, कारण कर्ज माफ केलं अन् फी तशीच ठेवली तर पाच वर्षांनी पुन्हा तेवढंच कर्ज उभं राहणार अन् कॉलेजवाल्यांना वाटणार सरकार भरतंच आहे तर वाढवा. मी १९७२ च्या दुष्काळातला जन्म. १९९० ला सेलूत बी.ए.ला होतो तेव्हा एका क्विंटल कापसात वर्षाची फी भागायची अन् वही-पेनाला उरायचे. पोराची एका वर्षाची फी म्हणजे आजच्या भावानं सतरा-अठरा क्विंटल कापूस. माझ्या पाच एकरात चांगल्या वर्षात पंचवीस-तीस व्हायचा. हे असं कसं झालं तर सुरुवात १९८३ ला, वसंतदादांच्या काळात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली, तेव्हा पोरं डोनेशन भरून कर्नाटकात जायची ती इथंच राहतील हा विचार होता अन् तो विचार वाईट नव्हता. १९९३ ला सुप्रीम कोर्टाच्या उन्नीकृष्णन निकालानं खासगी कॉलेजातल्या निम्म्या जागा फ्री सीट झाल्या, फी सरकारी कॉलेजाएवढी, बाकीच्या पेमेंट सीट. माझ्या वर्गमित्राचा धाकटा भाऊ, वडील सालगडी, फ्री सीटवर इंजिनिअर झाला अन् आज त्याची दोन्ही लेकरं चांगल्या ठिकाणी आहेत. सुप्रीम कोर्टाच्याच २००२ च्या टी.एम.ए. पै निकालानं ती पद्धत गेली. आता शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक कॉलेजचा खर्च बघून फी ठरवतं, म्हणजे कॉलेज जेवढा खर्च दाखवेल तेवढी फी वर जाणार, अन् तो खर्च खरा किती, प्राध्यापकाला सहीवर किती अन् हातात किती, हे तपासायला आमच्यासारखा पालक कुठं जाणार? तो हिशोब मराठीत कॉलेजच्या दारावर लावायला सांगा, चार पोरं अन् दोन पालक रोज वाचतील, आपोआप फरक पडेल.

अन् कॉलेजच्या आधीचं तर कुणी धरतच नाही. लातूरला नाही तर नांदेडला दोन वर्षं क्लासला ठेवायचं, खोली, मेस, टेस्ट सिरीज, घरातलं सोनं तिथंच जातं. त्याला कर्ज पण मिळत नाही.

नवीन काही चांगलं होत नाही असं मी म्हणत नाही. नोव्हेंबर २०२४ ला केंद्रानं पीएम विद्यालक्ष्मी आणली, तारण नाही जामीनदार नाही, आठ लाखाच्या आत उत्पन्न असलं तर १० लाखापर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट. पण ती निवडक संस्थांनाच आहे, सुरुवातीला ८६० होत्या, रँकिंग बघून. ज्या कॉलेजचं रँकिंगमधे नाव नाही तिथलं लेकरू त्यात बसत नाही, अन् आमची लेकरं जास्त करून अशाच कॉलेजात जातात. सिबिलचं बी तसंच. केरळच्या हायकोर्टानं २०२३ ला सांगितलं की सिबिल कमी एवढ्याच कारणानं विद्यार्थ्याला कर्ज नाकारू नका, पण आमच्याकडं बापाचं पीककर्ज थकलं की लेकराची फाईल आतच घेत नाहीत. केरळनं आणखी एक केलं, २०१७ ला योजना काढली, ४ लाखापर्यंतचं थकलेलं शैक्षणिक कर्ज असलं तर ६० टक्के सरकार भरणार अन् ४० घरच्यांनी भरायचे. तिथं जमलं ते इथं का जमू नये?

आता ज्या पोरीमुळं मी कागद-पेन घेतला तिचं सांगतो, नाव लिहीत नाही. आमच्याच गल्लीतली. २०२० ला बी.फार्मला लागली, दुसऱ्या वर्षाला असताना वडील कोरोनात गेले, तरी आईनं रोजानं जाऊन शिकवलं. ३ लाख कर्ज. २०२४ च्या जूनमधे पास झाली. अन् जुलै २०२४ ला सरकारनं निर्णय काढला की आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरातल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन अन् परीक्षा फी पूर्ण शंभर टक्के सरकार भरणार, आधी निम्मी होती. फार चांगला निर्णय आहे, माझ्या धाकटीला त्याचा फायदा होईल म्हणून मी तर खूष आहे. पण ह्या पोरीचं एका महिन्यानं हुकलं. आज तिच्याच कॉलेजात, तिच्याच बाकावर बसणाऱ्या पोरीची जी फी सरकार भरतंय, तीच फी ही व्याजासकट भरायलीय. सरकारनंच मान्य केलंय ना की गरिबाच्या लेकीकडून ही फी घेणं बरोबर नाही? मग जुलै २०२४ च्या आधी जिच्याकडून घेतली तिच्याकडून घेणं पण बरोबर नव्हतं. निदान एवढ्या पोरींचं तरी, त्यांच्या कर्जातला फीचा जो भाग आहे तो सरकारनं उचलावा. याद्या महाडीबीटीवर आहेत, उत्पन्नाचे दाखले तिथंच आहेत, नवीन काही गोळा करायची गरज नाही. ३० जूनला जे काही जाहीर होईल त्यात हे एक कलम घाला अशी माझी हात जोडून विनंती आहे, अन् पोरांचं पण बघा, ज्यांना सरकारच्याच शिष्यवृत्तीच्या उशिरापायी कर्ज काढावं लागलं त्यांचं निदान व्याज तरी सोडा.

ती पोरगी जिंतूरला एका मेडिकलवर ९ हजारावर काम करते. नोटीस तिच्या आईच्या नावानं आली, आईला वाचता येत नाही, पोस्टमननं वाचून दाखवली तेव्हा माऊली तिथंच खाली बसली. रात्री पोरगी माझ्याकडं आली अन् विचारलं, काका तुम्ही कसं नील केलं? मी काय सांगणार. त्यांच्याकडं विकायला एकर नाही, राहतं घर गावठाणातलं आहे अन् ते पण चुलत्याच्या नावावर.

नोटिशीची मुदत येत्या सोमवारी संपतीय. मी तिच्यासोबत बँकेत चाललोय, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, वडिलांचा मृत्यू दाखला अन् व्याज सवलतीचा अर्ज, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढून ठेवल्यात. आपल्या वाचकांत कुणी बँकेत काम केलेलं असेल अन् अशा केसमधे अजून काय कागद लागतो हे माहीत असेल तर त्यांनी आपल्या पेपरातून जरूर कळवावं, आमच्यासारखी बरीच घरं आहेत.

आपला,
एक पालक, सेलू तालुका, जि. परभणी